ठाण्याची खाडी आणि आपण

गंगा कोठें उगम पावते, असें विचारल्यास आमचे विद्यार्थी तत्काळ उत्तर देतात. परंतु ठाण्याहून कळव्याकडे जातांना आगगाडीच्या पुलाखालीं दिसणारें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें सांगणारा विद्यार्थी विरळाच. दूरच्या नद्यांचें ज्ञान अवश्य मिळवावें. पण घराशेजारच्या पाण्याविषयींचें हें अज्ञान आतां परवडणारें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम भूगोल पाहूं. उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेकडून, घोडबंदरावरून, वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते. तिचा एक अरुंद फांटा मात्र दक्षिणेस ठाण्याच्या खाडीस जोडलेला आहे. सुमारें २६ किलोमीटर लांबीची ही खाडी साष्टीस मुख्य भूमीपासून वेगळें करून मुंबई बंदरास मिळते. हींत गोड्या पाण्याचा ओघ थोडा. सारी ये-जा बहुतांशीं दिवसांतून दोनदां येणाऱ्या भरतीवर अवलंबून. म्हणून तींत टाकलेली घाण एकदम वाहून जात नाहीं. ओहोटीबरोबर गेलेली बरीचशी भरतीबरोबर परत येते.

इतिहासहि असाच बोलका आहे. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनांत ठाण्याचा उल्लेख आहे. खाडीकाठचें हें ठाणें मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून घेतलें व १७७४ सालीं तें इंग्रजांच्या हातीं गेलें. १८५३ सालीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षीं खाडी ओलांडून कल्याणास पोहोंचली.

कोणी म्हणतील, शहर वाढावयाचें तर चिखल व तिवरें यांचें कौतुक किती करावें? त्यांस आमचें उत्तर असें कीं, तिवरांचीं मुळें किनाऱ्याचा गाळ धरून ठेवितात, त्यांच्या आश्रयानें मासे व कोळंबी वाढतात आणि त्यांवर कोळी बांधवांचा चरितार्थ चालतो. हिवाळ्यांत हजारों रोहित पक्षी ह्याच चिखलावर पोट भरतात. खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं अभयारण्य ठरला व २०२२ सालीं खाडीस रामसर यादींत स्थान मिळालें. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला.

परंतु केवळ कायद्यानें खाडी स्वच्छ होत नाहीं. देवाचें निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून पुलावरून फेंकणारे हात सुशिक्षितांचेच असतात. पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, मुलांदेखत तरी असें करूं नये. कारण मुलें पुस्तकापेक्षां घरांतील आचरणच लौकर शिकतात. प्रत्येक शाळेनें वर्षांतून एक दिवस वर्ग भरवावा तो खाडीकाठीं. आणि विद्यार्थिमित्रहो, वडिलांचा हात पिशवीसह पुलाच्या कठड्याकडे जाऊं लागला, तर आदरपूर्वक परंतु निश्चयानें तो धरावयास भिऊं नका.