टोळीची भाषा, चळवळीची भाषा

नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृतींनी १९७२ साली मुंबईत उभ्या केलेल्या दलित पँथरची तुलना अमेरिकेतील ब्लॅक पँथरशी करण्याचा समीक्षेत प्रघात आहे. नामसादृश्यामुळे तो स्वाभाविकही आहे. परंतु रस्त्यावरची भाषा चळवळीत कशी प्रवेशते, हा प्रश्न असेल तर शिकागोच्या ‘यंग लॉर्ड्‌स’चे उदाहरण अधिक उद्‌बोधक ठरते.

यंग लॉर्ड्‌स ही प्रारंभी लिंकन पार्क वस्तीतील प्वेर्तो रिकन पोरांची टोळी होती. आपला कोपरा राखावा, परक्या पोरांशी मारामारी करावी, एवढाच तिचा व्यवहार. तिचा म्होरक्या खोसे ‘चा चा’ हिमेनेझ १९६८ मध्ये तुरुंगात असताना मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांच्या वाचनाकडे वळला. हा प्रसंग चरित्रकारांना मोहविणारा आहे खरा. पण एका व्यक्तीच्या वाचनाने टोळी बदलत नसते. नगर-नवीकरणाच्या योजनेने त्याच सुमारास त्या वस्तीतील गरीब कुटुंबे हुसकली जात होती. जो कोपरा राखण्यासाठी डोकी फुटली, तो कोपराच कागदोपत्री दुसऱ्याचा होऊ लागला. शेजारच्या गल्लीतला पोरगा मग शत्रू कसा राहणार? ‘आपले’ या सर्वनामाची व्याप्ती अशा रीतीने वाढली. निष्ठा, शिस्त, टोळीचे नाव, धाडस हे सारे तेच राहिले. जांभळ्या टोप्यांनी त्याला नवी खूण दिली. १९६९ मध्ये या पोरांनी एका धर्मशिक्षणसंस्थेची इमारत ताब्यात घेऊन गरिबांच्या घरांसाठी पैसा मागितला. टोळीचा मूळ व्यापार, म्हणजे जागेवर हक्क सांगणे, येथे राजकीय कृती बनला.

न्यूयॉर्कची शाखा मात्र बव्हंशी विद्यार्थ्यांची होती, हे विसरता कामा नये. तिचे अध्यक्ष फेलिपे लुसियानो कवी होते. तिने १९६९ च्या उन्हाळ्यात पूर्व हार्लेममधील न उचललेला कचरा रस्त्याच्या मधोमध रचून वाहतूक अडविली आणि डिसेंबरात एक चर्च ताब्यात घेतले. तेथेच पेद्रो पिएत्रीने आपली ‘प्वेर्तो रिकन ऑबिच्युअरी’ ही कविता वाचली. इंग्रजी-स्पॅनिशची तिच्यातील सरमिसळ बोलीचे प्रदर्शन म्हणून आलेली नाही. समोर बसलेल्यांची ती रोजची भाषा होती.

येथे मुंबईशी फरक स्पष्ट होतो. शिकागोत टोळी आधी, चळवळ नंतर. मुंबईत संघटनेच्या संस्थापकांतच लेखक-कवी होते, आणि १९७२ च्याच ‘गोलपिठा’त ढसाळांनी वेश्यावस्तीची भाषा कवितेत आणली. मराठी समीक्षेने त्या भाषेच्या ‘धक्क्या’चीच चर्चा फार केली. ती कोणाला ‘आपले’ म्हणते, याची चर्चा त्या मानाने तोकडी पडली.

टोळीचा वारसा निर्दोष नसतो, हेही नोंदविले पाहिजे. न्यूयॉर्कच्या १९६९ च्या कार्यक्रमपत्रिकेत पुरुषी मर्दुमकी क्रांतिकारक असावी, असे कलम होते. संघटनेतील स्त्रियांनी त्याला हरकत घेतली. मर्दुमकी आणि क्रांती हे शब्द एकत्र नांदूच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० च्या सुधारित मसुद्यात ते वाक्य गेले, मर्दुमकीचा धिक्कार आला आणि ते कलम दहाव्या क्रमांकावरून पाचव्यावर आणले गेले.