यादीत नसलेली भाकर

खाद्यमहोत्सवाचं पत्रक हातात पडलं की यादी ठरलेली असते. पुरणपोळी, मांडे, थालीपीठ, आंबोळी, घावन, तांदळाची भाकर, ख्रिस्ती घरातले फुगे. खाली ओळ, 'विविधतेत एकता'. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचतो. एक भाकर तीत कधीच नसते. येसकराची शिळी भाकर.

ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. गावकीची पाळी आली की महारानं घुंगरकाठी घेऊन राबायचं. सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं. आणि संध्याकाळी दारोदार हाळी द्यायची, 'भाकर वाढा माय'. वरून टाकलेले तुकडे, ज्वारीचे, बाजरीचे, कालवणात भिजलेले, सगळे एकाच टोपल्यात. घ्या, ही आमची विविधता! ती आमची मजुरी होती. गावानं ती भीक म्हणून वाढली.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला बजावलं, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं. टोपलं गेलं. नजर गेली का?

आता आपल्या वसईचा पाव घ्या. पोर्तुगीज इथं १५३४ ते १७३९ होते, पाव त्यांचा. जुनी माणसं सांगतात, विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटलं. गोष्ट खरी असो नसो, तिच्यातला धर्म बघा. पावाच्या तुकड्यानं विहीर बाटते! आणि महाडला आमच्या ओंजळीनं तळं बाटलं म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध केलं. आज तोच पाव वड्याबरोबर सगळे हाणतात. पोट विसरलं, डोकं विसरायला तयार नाही.

जव्हार-मोखाड्याचा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या नागलीची भाकर खातो. गहूवाल्यांनी तिला हलकं अन्न म्हणून हिणवलं. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणानं मेली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं आणि नागली मॉलमध्ये जाऊन बसली. भाकर मोठी झाली. ती पिकवणारा?

गोदीत दुपारी आमचे डबे उघडतात. कुणाची चपाती, कुणाची लिट्टी, माझी भाकर. तुकडा इकडचा तिकडं जातो, कारण गोणीखाली पाठ सगळ्यांची सारखीच मोडते. पण विरारला उतरून भाड्यानं खोली बघायला गेलो की पहिला सवाल, 'आडनाव काय?' रोटीव्यवहार भुकेनं जमवला. घर आणि बेटी अजून कुंपणात.

तेव्हा यादी वाचून टाळ्या पिटू नका. दर भाकरीला विचारा, पीठ कुणी दळलं, पंक्तीत कोण बसलं, दारात कुणाला उभं ठेवलं. एकतेचे मनातले मांडे आम्हाला नकोत. टोपलं आम्ही फेकलंय. आता पंक्तीत बसणार, आणि यादीही आम्हीच लिहिणार. पहिलं नाव लिहा, शिळी भाकर.