नाणेघाटाचा रांजण आणि आपले पाणी



शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या सीमेवरचे तालुके. पूर्वेला सह्याद्रीची भिंत. तिच्यापलीकडे नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्हे. पावसाच्या पाण्याची वाटणीही याच भिंतीवर होते. हरिश्चंद्रगडापलीकडचे पाणी मुळा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. आपल्याकडचे काळू आणि भातसा नद्यांतून उल्हासला मिळून अरबी समुद्राला जाते.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याण बंदराचा माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नर-पैठणला जाई. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही आहे. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेच्या काळचा लेख आहे. त्यात दान दिलेल्या गायी-घोड्यांचे आणि नाण्यांचे आकडे कोरले आहेत. वाटेवरून जाणाऱ्या मालातला काही वाटा वाटेवरच उतरून घ्यायचा, हा त्या काळचा हिशोब.

पुढे १८६५ साली रेल्वे कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला गेली. २०२५ पासून समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून पूर्ण सुरू झाला. वाटा वाढल्या, पण माल आपल्या दारावरून न थांबता जाऊ लागला.

पाण्याचेही तेच. तानसा धरण १८९२ साली झाले, पुढे भातसा झाले. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातून जातो. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बायाबापड्या चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात.

मोठी धरणे आपल्या हातात नाहीत. शिवारात पडणारा पाऊस आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे एका एकरावर सुमारे एक कोटी लिटर पाणी! त्यातले किती अडवता, याचा हिशोब घरी बसून करा.

पावसाळ्याअखेर ओहोळाला धार असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून गावाने मिळून वनराई बंधारा घालावा. वरकस जमिनीवर उताराला आडवे बांध घालावेत, खाचरांचे फुटके बांध सांधावेत. भात काढल्याबरोबर, ओल उडण्यापूर्वी, वाल किंवा हरभरा पेरावा. विहिरीला पाणी टिकले तर भेंडी-काकडी होते आणि कल्याणचा बाजार जवळच आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे एखादे कुटुंब त्यामुळे गावात राहील, पोरांची शाळाही सुटणार नाही.

ओलीवरच्या वालाची पेरणी कशी करावी, ते पुढील अंकात पाहू.