जुन्या खात्यांत शिल्लक, नवी नोंद नाही

व्यापारी घरांत एक प्रकार वारंवार आढळतो. आजोबांना संपूर्ण भक्तामर मुखोद्गत असते, चाळीस वर्षांपूर्वीचा मालाचा भाव ते बिनचूक सांगतात; मात्र सकाळी गल्ल्यातून कोणाला किती रक्कम दिली, हे दुपारी आठवत नाही. घरची मंडळी म्हणतात, ‘जुने सारे स्मरते, तेव्हा हे सोंगच!’ हा निष्कर्ष अन्यायकारक आहे.

जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या दिवंगत रुग्ण ऑगुस्ट डेटर यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांना मेंदूत साचलेली पुटे आणि पेशींतील तंतूंच्या गाठी आढळल्या. पुटे अमायलॉइड नामक प्रथिनाची व गाठी टाऊ या प्रथिनाच्या, हे पुष्कळ नंतर उमगले. १९६८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी हयातीतील बुद्धिभ्रंशाचे मान आणि मृत्यूनंतर मोजलेली पुटे यांचा संबंध दाखविला. परंतु मेंदूत पुटे भरपूर असूनही अखेरपर्यंत सावध राहिलेले वृद्धही आढळले. बुद्धिभ्रंश जसजसा वाढतो, तसा त्याचा मेळ पुटांपेक्षा गाठींच्या फैलावाशी आणि त्याहूनही पेशींमधील जोडण्या तुटण्याशी अधिक बसतो.

हा फैलाव कसाही होत नाही. ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये त्याचे सहा टप्पे मांडले. गाठींचा आरंभ कानामागच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या अंगास होतो. नव्या अनुभवाची नोंद प्रथम तेथेच होते. मुरलेल्या जुन्या आठवणी अन्यत्र असतात. तेथवर रोग उशिरा पोहोचतो. म्हणून स्तोत्र टिकते आणि सकाळची उधारी निसटते.

सहीचेही तसेच. हाताला सवय जडल्याने ती पुष्कळदा जुळत राहते आणि काउंटरवरील कारकुनाला शंका येत नाही. हिशेबाची समज मात्र आधीच ढासळू लागलेली असते.

विसराळूपणा दिसताच तज्ज्ञांकडे जावे. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करावी. त्याच्या उणिवेनेही विस्मरण होते व त्यावर उपचार आहेत. दुखणे अल्झायमरचेच ठरल्यास मृत्युपत्र, नामनिर्देशन, संयुक्त खाते ही कामे वडिलांना समजते आहे तोवरच, त्यांच्या इच्छेने उरकावीत. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नये. देणाऱ्याची समज गेली की आपल्या करार कायद्यानुसार ते अधिकारही संपतात.