आरोग्य कायदा शिकायचा तर दवाखान्याच्या बिल काउंटरवर जा

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर राज्यभर एकच प्रश्न विचारला गेला. तातडीच्या रुग्णाकडे धर्मादाय रुग्णालय अनामत रक्कम मागू शकते का? उत्तर नवे नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतच ते आहे : नाही. याच योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत.

म्हणजे कायदा आहे, खाटाही आहेत. मग आपल्या मोहल्ल्यात दागिने विकून बिल का भरले जाते? कारण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा, रेशन कार्ड जोडा, नकार दिला तर तो लेखी मागा, हे सांगणारं त्या वेळी जवळ कुणीच नसतं.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना इथेच काम आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. अनेकदा हे आठवडे वकिलाच्या ऑफिसात झेरॉक्स काढण्यातच जातात. त्यातले चार आठवडे आरोग्य कायद्याला दिले तर?

जागा बऱ्याच आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कायद्याचा विद्यार्थी विधी स्वयंसेवक होऊ शकतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खाटा नाकारल्याच्या तक्रारी येतात. जिल्हा ग्राहक आयोगात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस चालतात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. तिथे नुसते बसून पाहिले तरी कळते की रागापेक्षा केस पेपर आणि तज्ज्ञाचे मत जास्त बोलते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रे मिळायला हवीत. हे पुस्तकात एका ओळीत संपते. प्रत्यक्षात एका कागदासाठी चार चकरा होतात.

आपल्या मुलामुलींकडे आणखी एक ताकद आहे. रुग्णाची आई हकीकत उर्दूत सांगते, अर्ज मराठीत लागतो आणि बिल इंग्रजीत असते. तिन्ही जाणणारा विद्यार्थी तिथे फार मोलाचा.

मर्यादाही ओळखायला हव्यात. सनद मिळेपर्यंत तो वकील नाही. कोर्टात उभे राहणे, निकालाची खात्री देणे त्याचे काम नव्हे. रुग्णाचा आजार मोहल्ल्यात बोलायचा विषय नाही. आणि प्रत्येक मृत्यू म्हणजे डॉक्टरची चूक नसते.

लॉ कॉलेजांचे विधी सहाय्य कक्ष आणि आपल्या अंजुमन यांनी मिळून आठवड्यातून एक दिवस दवाखान्याजवळ टेबल मांडावे. दोन विद्यार्थी, अर्जाचे नमुने आणि मार्गदर्शनाला एक अनुभवी वकील, सुरुवातीला एवढे पुरे.