वेग आला, भरवशाचे काय?

संगणक आले, अॅप निघाले, सल्लागारांची देयकेही चुकती झाली. ग्राहक मात्र ताटकळतच राहिला, असे चित्र अनेक उद्योगांत दिसते. जुनी कागदी प्रक्रिया जशीच्या तशी पडद्यावर आणणे म्हणजे डिजिटल स्थित्यंतर, हा समज त्याच्या मुळाशी असतो. ‘डिझाइन थिंकिंग’ ही कार्यपद्धती नेमकी उलट दिशेने निघते. आधी वापरणाऱ्याची अडचण प्रत्यक्ष पाहावी, ती नेमकेपणाने मांडावी, कच्चा नमुना करून त्याच्यासमोर ठेवावा आणि मगच मोठ्या खर्चाला हात घालावा, असा तिचा आग्रह असतो. या पद्धतीने स्थित्यंतराला वेग येतो का आणि त्या वेगाच्या मर्यादा कोणत्या, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या वाटचालीत सापडतात.

पीयूष गुप्ता २००९ मध्ये या बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हा ग्राहकांच्या समाधानाबाबत तिची गणना सिंगापूरमधील तळाच्या बँकांत होत असे. तिच्या आद्याक्षरांचा अर्थ लोक उपहासाने ‘डॅम ब्लडी स्लो’ असा लावत. नव्या व्यवस्थापनाने यंत्रणेबरोबरच मोजपट्टीही बदलली. एखाद्या सुधारणेने ग्राहकाचे किती तास वाचले, याचा हिशेब सुरू झाला आणि ‘ग्राहक-तास’ हे एकक रूढ झाले. निरनिराळ्या विभागांतील कर्मचारी एकत्र बसून एकेका प्रक्रियेतील निरर्थक टप्पे गाळू लागले. यातून सुमारे २५ कोटी ग्राहक-तास वाचल्याचे बँकेने सांगितले.

या वेगाचे कारण साधे आहे. मोठ्या संस्थेत विलंब होतो तो केवळ संगणकाची आज्ञावली लिहिण्यात नव्हे. विभागाविभागांतील मंजुऱ्यांत आणि चुकीच्या गृहीतकावर उभारलेले काम पुन्हा करण्यात तो अधिक होतो. सर्वांपुढे एकच मोजपट्टी असली की वाद लवकर मिटतात. कागदी नमुन्यात सापडलेली चूक दुरुस्त करायला फारसा खर्च येत नाही. तीच चूक पूर्ण झालेल्या प्रणालीत सापडली, तर ती फार महाग पडते.

भारतात मोजक्याच शाखा असलेल्या या बँकेने एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत ‘डिजिबँक’चा प्रारंभ केला, तोही याच विचारातून. खाते उघडण्यातील कागदपत्रे आणि शाखेतील हेलपाटे ही ग्राहकाची खरी अडचण होती. आधारच्या मदतीने आणि कॅफे कॉफी डेच्या दालनांतून ओळख पटवण्याची सोय करून बँकेने ती दूर केली. त्याच वर्षी ‘युरोमनी’ या नियतकालिकाने डीबीएसला जगातील सर्वोत्तम डिजिटल बँक म्हणून गौरवले.

मात्र, २०२३ मध्ये या यशाची दुसरी बाजू समोर आली. मार्च आणि मे महिन्यांत बँकेच्या डिजिटल सेवा कोलमडल्या. १४ ऑक्टोबरला डेटा सेंटरमधील शीतकरण यंत्रणा बिघडली आणि त्याचा फटका डीबीएस व सिटी या दोन्ही बँकांना बसला. दोहोंचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. सिंगापूरच्या नियामकाने १ नोव्हेंबरला डीबीएसला तंत्रज्ञानातील अनावश्यक बदल सहा महिने थांबवण्याचा आदेश दिला आणि त्या काळात शाखा व एटीएम कमी करण्यासही मनाई केली. गुप्ता यांच्या त्या वर्षीच्या कामगिरीशी निगडित वेतनातही ३० टक्के कपात झाली.

ही कारवाई बोलकी आहे. नवा मार्ग पुरेसा भक्कम झाल्याखेरीज जुना मोडू नये, हाच तिचा अर्थ. भारतातही असे घडले आहे. वारंवारच्या खंडांमुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेच्या नव्या डिजिटल उपक्रमांना आणि नव्या क्रेडिट कार्डांना स्थगिती दिली. हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत मार्च २०२२ मध्ये पूर्णपणे उठले.

म्हणून डिझाइन थिंकिंगला दोष देणे योग्य होणार नाही. तिचा उपयोग अर्धाच झाला, असे फार तर म्हणता येईल. ग्राहकाला विचारले, तर तो रांग, अर्ज आणि विलंब यांविषयी बोलतो. पर्यायी यंत्रणा सज्ज असावी, असे तो सांगत नाही, कारण बँक चालूच राहणार हे त्याने गृहीत धरलेले असते. ही न बोललेली गरज पडद्यावरच्या आकर्षक नमुन्यात दिसत नाही. तिच्यासाठी केलेल्या खर्चाचे कौतुकही होत नाही.

डिजिटल स्थित्यंतराच्या मागे लागलेल्या प्रत्येक उद्योगाने ग्राहक-तासांच्या खतावणीत जमेबरोबर नावेची बाजूही लिहायला हवी. सुलभ अॅपने वाचवलेली मिनिटे जमेला धरायची आणि सेवा बंद पडल्यामुळे दुकानाच्या गल्ल्यापाशी खोळंबलेल्या माणसाचे तास हिशेबाबाहेर ठेवायचे, हा ताळेबंद खोटा ठरतो. वेग ही ग्राहकाची सोय आहे. भरवसा हा त्याचा हक्क आहे.