फुकट आणि मुक्त

गेल्या महिन्यात घरी एका साखरपुड्याच्या निमित्ताने बरीच माणसं जमली होती. जेवणं झाली, सुपारी फिरली आणि विषय निघाला संगणकाचा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कितीतरी चांगले चालते संगणक त्यात बसत नाहीत. भाचा म्हणाला, "मावशी, तुझा डबा आता भंगारात काढ." मी म्हटलं, "काढायचं कारण काय? त्यावर लिनक्स मिंट चालू आहे." तो हसला. "फुकट ते पौष्टिक!" शेजारी बसलेले एक व्याही म्हणाले, "ते टॉरेंटवरून उतरवतात ना? म्हणजे चोरीचाच मामला."

घरात कार्य होतं, म्हणून गप्प बसले. पण आयुष्य फळ्यापुढे गेलेल्या बाईला फार वेळ गप्प बसवत नाही. म्हणून हे.

आधी शब्दाचं बघू, मराठीची बाई आहे मी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून त्यांच्यामागे एक कटकट लागली आहे. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे फुकटही आणि स्वतंत्रही, त्यामुळे आपल्याला कोणता अर्थ म्हणायचा आहे हे त्यांना जन्मभर समजावत बसावं लागलं. आपल्याकडे दोन स्वच्छ शब्द आहेत, फुकट आणि मुक्त, आणि तरी आपण घोळ घालतो! फुकट म्हणजे पैसे न मोजता मिळालेलं. मुक्त म्हणजे हवं तसं वापरता येईल, आत काय आहे ते पाहता येईल, बदलता येईल आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देता येईल असं. फुकट वस्तू उद्या मालक परत मागू शकतो किंवा तिला कुलूप लावू शकतो. मुक्त म्हणून एकदा हाती आलेली प्रत तशी काढून घेता येत नाही.

आता माझं पाप सांगते. २००० च्या सुमारास आमच्या शाळेला देणगीतून सहा संगणक मिळाले. परवाने घ्यायला पैसे नव्हते. कोणीतरी पन्नास रुपयांची सीडी आणली, वर मार्करने लांबलचक आकडा लिहिलेला. ती सहाही संगणकांवर चढली आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात पूर्वपरीक्षेत मी एका मुलीला कॉपी करताना पकडलं आणि तिच्या वडिलांना बोलावून दोन गोष्टी सुनावल्या. पुढे एकदा संगणकाच्या तासाला तीच मुलगी म्हणाली, "बाई, ही सीडी मी घरी नेऊ? भावाला द्यायचीय." मी नाही म्हटलं. "का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्याचं तोंड नव्हतं.

जी वस्तू विद्यार्थ्याच्या हातात उघडपणे देता येत नाही, ती वर्गात कशाला आणायची? विद्या दिल्याने वाढते, असा सुविचार आम्ही दर सोमवारी फळ्यावर लिहायचो आणि शिकवण्याचं साधनच असं निवडलं होतं की देणं म्हणजे गुन्हा. तेव्हा पर्याय नव्हता, असंही नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये जगासमोर ठेवला होता, डेबियन १९९३ पासून होतं. मला माहीत नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नाही.

केरळने मात्र विचारलं. तिथे २००१ मध्ये शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला आणि त्याच दशकात सरकारी आणि अनुदानित शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या. तिथली मुलं शाळेत जे शिकतात त्याची प्रत राजरोस घरी नेऊ शकतात. आमच्या मुलांना आम्ही संगणक शिकवला की एका कंपनीच्या खिडक्या कुठे उघडतात ते शिकवलं?

आता आक्षेप दुसरा : "ते अवघड असतं." काही अडचणी आहेत, खोटं कशाला बोलू? मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि फोटोशॉप लिनक्सवर सरळ चालत नाहीत, काही प्रिंटर रुसतात, काही खेळ चालत नाहीत. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवलं, हेही मला ठाऊक आहे. पण त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार संगणक लिबरऑफिस आणि लिनक्सकडे नेण्याचं जाहीर केलं. आणि तुमचं माझं काम असतं तरी काय? पत्र लिहिणं, मेल पाहणं, नातवंडांचे फोटो, वीजबिल भरणं. एवढं सगळं मिंटवर होतं. हा मजकूरही मी त्यावरच इनस्क्रिप्टने टंकला आहे. शिवाय पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून आधी चाखून बघता येतं, जुनं काहीही न पुसता. न चाखता भाजी आळणी म्हणणाऱ्यांना मी काय सांगणार!

तिसरा आक्षेप चोरीचा, तो मला जास्त लागला. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं. कल्पना वर्गातलीच आहे. वही एक आणि मुलं चाळीस. सगळी एकाच वहीवर तुटून पडली तर दिवस जाईल. त्यापेक्षा प्रत्येकाने वेगळं पान उतरवायचं आणि एकमेकांना द्यायचं. प्रत्येक तुकडा मुळाबरहुकूम आहे ना, हे यंत्र आपोआप ताडून पाहतं. मिंटची जवळजवळ तीन जीबीची फाइल ते लोक स्वतःच टॉरेंटने देतात. मी क्यूबिटटॉरेंट वापरते, तेही मुक्त आहे, जाहिराती नाहीत. माझं उतरवून झालं की रात्रभर दुसऱ्यांसाठी चालू ठेवते. यात चोरी कुठे आली?

चोरी वस्तूवर ठरते, रस्त्यावर नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ पासून 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. ती खुशाल वाटा. पण हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ, यंदाचे दिवाळी अंक? ते रोज सकाळी व्हॉट्सॲपवर कोण पाठवतं? व्याही, राग मानू नका, पण गेल्या दिवाळीत तीन अंक मला तुमच्याकडूनच आले होते.

घरातल्या घरात फाइली द्यायच्या तर सिंकथिंग आहे, २०१३ पासून. माझा संगणक आणि लेकीचा संगणक, सरळ एकमेकांशी. मध्ये कुणाचं कोठार नाही, जागा भरली म्हणून भाडं नाही. दोन्हीकडची यंत्रं एका वेळी चालू हवीत आणि इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, म्हणून वेगळी प्रत ठेवायचीच. एवढी शिस्त पाळली की झालं.

मुक्त सॉफ्टवेअर सगळ्यात चांगलं असतं असं माझं म्हणणं नाही. माझी कसोटी साधी आहे. शेजारच्या पोराने मागितलं तर मान खाली न घालता देता येतं का? त्या मुलीला मी हे देऊ शकले असते. ती आता चाळिशीच्या आसपास असेल, कुठे असते माहीत नाही.

असो. पुढच्या वेळी याल तेव्हा आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन या, मिंट भरून देते. भाच्यालाही देईन, पण हसल्याबद्दल त्याला आधी चहा करायला लावणार आहे.